हार्डनिंग चालू आहे

आमच्या अण्णांना चहात साखर किती घालू, असं विचारायचं नसतं. ते पीपीएममध्ये सांगतात.

"दोन चमचे म्हंजे धर दहा ग्रॅम," बोटांची पेरं मोजत त्यांचं सुरू होतं. "कप शंभर मिलीचा. म्हंजे लिटरले झाली शंभर ग्रॅम. शंभर ग्रॅम म्हंजे एक लाख मिलिग्रॅम. एक लाख पीपीएम साखर पेतो आपन! आन् मी त्या लेकराइले एक पीपीएम औषद देलं, तं हे बाई मले जहरवाला म्हनते."

'हे बाई' म्हणजे काकू आणि 'लेकरं' म्हणजे ऑर्किडची रोपं. काकू काही बोलत नाहीत. बशी आदळतात. डॉक्टरांनी अण्णांना साखरेचे शून्य पीपीएम सांगितले आहेत, तो आकडा तेवढा त्यांच्या हिशोबात कधी येत नाही.

अण्णा माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आमची आणि त्यांची भिंत एकच. जळगावपासून पाच-सहा किलोमीटरवरचं आमचं असोदा बाहेरच्यांना माहीत असतं ते बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून, नाहीतर मग भरताच्या वांग्यांमुळे. अण्णांच्या मते गावात पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. ती त्यांच्या परसात आहे आणि ती पाहायला जाताना चपला काढून जांभळ्या पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवावे लागतात. पोटॅशियम परमँगनेटचं पाणी. बाहेरची बुरशी आत येऊ नये म्हणून. त्याचे तपकिरी डाग चार दिवस जात नाहीत, त्यामुळे अण्णांकडे कोण जाऊन आलं हे गावात पायांवरून कळतं. एकदा एका स्थळाकडची मंडळी सहज डोकावली आणि तसल्या पायांनी पुढच्या घरी पोहे खायला गेली. लग्न जमलं, पण नवरदेवाकडच्यांना कसला त्वचारोग तर नाही ना, याची चौकशी दोन महिने चालू होती.

आमच्या बोलीत ळ चा य होतो. जळगावचं जयगाव, केळीची केयी, उन्हाळ्याचा उन्हाया. त्यामुळे अण्णा ज्याला 'केयीचं रोप' म्हणतात त्यात त्यांची सगळी हयात गेली. पूर्वी आमच्याकडे केळी लावायची म्हणजे जुन्या बागेतून पील उपटून आणायचे, कंद तासायचा आणि लावायचा. १९९०च्या दशकात जैन कंपनीने टिश्यू कल्चरची केळी आणली, ग्रँड नैन जातीची. लोकांच्या तोंडी ती जी-नाईन झाली. रोप बाटलीत तयार होतं, हे ऐकून गावातल्या म्हाताऱ्यांनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. अण्णांनी मात्र एका रोपवाटिकेत नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत हार्डनिंगच्या शेडवर काढली. बाटलीतून निघालेलं बोटाएवढं रोप शेतात जाण्यालायक करायचं, एवढंच काम. पण अण्णा ते अशा तोऱ्यात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाकीची शेती म्हणजे नुसती उस्तवार.

"बाटली म्हंजे माहेर," ते सुरू करतात. गावात येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागतं. मी किमान साठ वेळा ऐकलंय. "आत साखरेचं जेवन. उजेड बेताचा. हवा वली. पानाले पानी राखाची सवयच नही. पानाच्या तोंडाले झाकनं असतात, पन ती लावता येत नही. पानावर मेन नही. मुया हायेत, पन दाखवाच्या. अशी पोर तू एकदम उन्हात उभी करशीन तं घंटाभरात मान टाकीन. म्हनून आधी हार्डनिंग, मंग लागवड."

शेवटचं वाक्य त्यांचं ब्रीद आहे. केळीचं हार्डनिंग दोन टप्प्यांत होतं. आधी कोकोपीटच्या ट्रेमध्ये, प्लास्टिकच्या बोगद्यात, सतत धुकं सोडून; मग पिशवीत, शेडनेटखाली, हळूहळू धुकं कमी आणि ऊन जास्त करत. पाच-सहा पानं झाली की गाडीत. पहिल्याला अण्णा 'प्रायमरी' म्हणतात, दुसऱ्याला 'सेकंडरी', आणि हे दोन्ही शब्द त्यांनी रोपांपुरते ठेवलेले नाहीत. त्यांच्या मुलाचं लग्न नाशिकच्या मुलीशी एप्रिलमध्ये झालं. नाशिकचं माणूस मे महिन्यात असोद्याला राहायला येणं म्हणजे काय, हे ज्याने भुसावळ-जळगावचं पंचेचाळीस अंशांचं ऊन खाल्लंय त्यालाच कळेल. अण्णांनी कॅलेंडरच्या मागे सुनेचा तक्ताच काढला: पहिले आठ दिवस कूलरची खोली, पुढचे आठ दिवस सकाळी दहापर्यंत ओटा, तिसऱ्या आठवड्यात चूल. चुलीची परीक्षा म्हणजे भरीत. कपाशीच्या काट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणासकट ठेचायची आणि वर कळण्याच्या पुऱ्या तळायच्या. तिसरा आठवडा उजाडला त्या दिवशी सकाळी सहाला अण्णा चुलीच्या पत्र्यावर गोणपाट अंथरून त्यावर बादलीने पाणी मारत होते. सूनबाई उठून आल्या तेव्हा निम्मी वांगी त्यांनीच भाजून ठेवली होती. "प्रायमरीत थोडा आधार द्याच लागतो," म्हणाले.

माझंही तेच केलं. बारावीनंतर मी पुण्याला निघाले तर दोन महिने आधीपासून मला घरातलं पाणी बंद. पुण्याचं पाणी वेगळं, पोट बिघडेल, सवय कर म्हणून गावातल्या वेगवेगळ्या विहिरींचं पाणी रोज एक तांब्या प्यायला लावायचे. पोट पुण्याला जायच्या आधीच बिघडलं. मग मला पोचवायला स्वतः आले. "पोरीनं एकटं ऱ्हायाले शिकलं पाह्यजे," असं सगळ्या महाराष्ट्र एक्सप्रेसला ऐकवत आले आणि वसतिगृहाच्या फाटकासमोरच्या झाडाखाली दोन दिवस छत्री घेऊन बसून राहिले. वॉचमनने तिसऱ्या दिवशी हटकलं तेव्हा गेले.

तर असे अण्णा निवृत्त झाले. वर्षभर घरात बसून त्यांचं सगळ्यांचं हार्डनिंग करून झालं. आणि मग ठाण्याला असलेल्या भाच्याने तीन बाटल्या आणल्या. डेंड्रोबियम ऑर्किडच्या. लग्नात स्टेजवर लावतात त्या जांभळ्या फुलांच्या. अण्णांनी आयुष्यात एवढं बारीक रोप हाताळलं नव्हतं. केळीचं रोप बोटाएवढं असतं, हे नखाएवढं. त्या दिवसापासून केळी त्यांच्यासाठी संपली.

ऑर्किडची गंमत मला अण्णांमुळे कळली, हे कबूल करायला हवं. तिचं बी पिठासारखं बारीक, एका बोंडात लाखांनी. पण त्यात कोंबाला शिदोरीच नसते. रानात एखाद्या बुरशीने खाऊ घातलं तर ते रुजतं. १९२२ साली लुईस नडसन नावाच्या अमेरिकन माणसाने दाखवून दिलं, की बुरशी नको, साखर घातलेल्या आगरवरही ते रुजतं. अण्णा हे सांगताना नडसनचा उल्लेख गावातल्याच कुणाचा करावा तसा करतात. "नडसननं एक उपकार केला आन् एक घोटाळा. लेकराले गोडाची सवय लावली. आता ते सोडवाचं कोनं? आपुन."

सोडवणं सोपं नव्हतं. अण्णांनी बाटल्या आठ दिवस तशाच खोलीत ठेवल्या, मग झाकणं सैल केली, मग एका रविवारी पहाटे ओसरीवर चादर अंथरून रोपं बाहेर काढली. कोमट पाण्यात एकेक मूळ धरून, नातवाच्या रंगाच्या ब्रशने आगर धुतलं. मुळाला आगर राहिलं की त्यातल्या साखरेवर बुरशी चढते. मग बाविस्टिनच्या पाण्यात बुडवलं. या ऑर्किडला माती चालत नाही, तिची मुळं हवेतली. म्हणून विटांचे तुकडे, कोळसा, नारळाच्या शेंड्या. काकूंनी सत्यनारायणाला ठेवलेले पाच नारळ त्यात गेले. त्या विषयावर अजून दोन्ही बाजूंनी बोललं जातं.

आणि मग औषध. इथे अण्णांचा सूर बदलतो, आवाज खाली येतो. "जपानात भाताचा एक रोग हाये," ते म्हणतात. "बुरशीनं रोप लंबंच लंबं वाढतं, पिवयं पडतं आन् मरतं. जपानी लोक त्याले 'बकानाए' म्हनतात. म्हंजे बह्याड रोप." बह्याड म्हणजे वेडगळ, बिनडोक, आमच्याकडे लाडाने आणि रागाने, दोन्ही तऱ्हेने म्हणतात. गोष्ट खरी आहे. १९२६ साली कुरोसावा नावाच्या शास्त्रज्ञाने शोधलं की ही करणी त्या बुरशीच्या रसाची. पुढे त्यातूनच जिबरेलिन हाती लागलं, जे प्रत्येक झाडात थोडंथोडं असतंच आणि नाशिकवाले द्राक्षाचे मणी फुगवायला ज्यात घड बुडवतात. "जिबरेलिन म्हंजे पोराले चढवून देनारा मामा," अण्णा सांगतात, "आन् पॅक्लो म्हंजे कान धरनारा बाप."

पॅक्लो म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. दुकानात कल्टार नावाने मिळतं. कोकणात हापूसला दरसाल मोहोर यावा म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ज्याची शिफारस केली, तेच. ते झाडाला जिबरेलिन बनवू देत नाही. आमचे कापूसवालेही कपाशी माणसापेक्षा उंच जायला लागली की लिहोसिन नाहीतर चमत्कार फवारतात, त्याचीही जात हीच. बाटलीतल्या रोपाला हे अगदी थेंबभर दिलं, तर उंची थांबते, पान जाड आणि गर्द होतं, त्यावर मेण चढतं, मुळं गलेलठ्ठ होतात आणि मुख्य म्हणजे पानांची तोंडं मिटायला शिकतात. खरं तर ते बाटलीतल्या शेवटच्या जेवणातच घालायचं असतं. ते तसं घातलेलं नाही म्हणून अण्णा कधीही न पाहिलेल्या त्या लॅबवाल्यावर अजून चिडलेले आहेत. "पोरगी सासरी धाडली आन् तिले भाकर थापाले बी नही शिकवलं!"

पण थेंबभर म्हणजे किती? एक पीपीएम. कल्टारच्या एका मिलीत साधारण पाव ग्रॅम औषध असतं. म्हणजे एक मिली एक लिटर पाण्यात घातलं की अडीचशे पीपीएम. त्यातले चार मिली घेऊन पुन्हा एक लिटर पाण्यात घालायचे, तेव्हा कुठे एक. अण्णांनी हे काम काकूंच्या दोन कळश्या, इंजेक्शनची एक सिरिंज आणि नातवाचा हात यांच्या मदतीने केलं. कळश्यांवर खडूने 'अडीचशे' आणि 'एक' असं लिहिलं. 'एक'ची कळशी वापरून झाली. 'अडीचशे'ची तशीच उरली. एवढं महागाचं औषध मोरीत ओतायचं अण्णांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी ते तुळशीला घातलं.

ते औषध मातीत लवकर मरत नाही. पुढची दोन वर्षं काकूंची तुळस एक वीत होती. पानं विड्याच्या पानासारखी जाड, हिरवीगार, मंजिरी नाही, वाढ नाही. तुळशीच्या लग्नाला ऊस उभा केला तर तुळस दिसेना. भटजींनी अंतरपाट धरावा की खाली बसावा, असा प्रश्न पडला. काकूंनी शेवटी वृंदावनातली सगळी माती काढून नवी घातली आणि तेव्हापासून त्या घरात कळशीवर खडू लागलेला दिसला की ती कळशी काकू आधी अंगणात पालथी करतात, मग विचारतात.

प्रयोग मात्र अण्णांनी पद्धतशीर मांडला होता. एक ट्रे डोसवाला, एक बिनडोसवाला. लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत तारीख, तापमान, हवेतला ओलावा. पान पाणी किती उडवतं हे मोजायचं तर पान तोडून वेळोवेळी वजन करावं लागतं. नखाएवढ्या पानाचं वजन कोणता काटा दाखवणार? सोनाराचा. जळगावच्या सराफ बाजाराला सुवर्णनगरी उगाच म्हणत नाहीत. अण्णा ओळखीच्या एका दुकानात दोन पानं ओल्या रुमालात गुंडाळून घेऊन गेले. गादीवर बसले आणि दर पाव तासाला काट्यावर पान ठेवायला लावलं. दोन चहा झाले. बांगड्या घ्यायला आलेल्या दोन बायका हा काय नवीन दागिना म्हणून वाकून पाहू लागल्या. सराफ सोशिक. तासाभराने त्याने चष्मा वर केला आणि म्हणाला, "अण्णा, ह्याच्यात घट लय येऊ राह्यली." ते बिनडोसाचं पान होतं. डोसाच्या पानाला घट बेताची. अण्णांनी त्याच्या पावतीपुस्तकाच्या मागे आकडे लिहून घेतले, आणि वर 'सराफाच्या सहीने' अशी ओळ घालून सहीही घेतली.

पण अण्णांचं समाधान घटीने होईना. त्यांना पानाची तोंडं मिटलेली प्रत्यक्ष बघायची होती. त्याची एक सोपी युक्ती आहे: पानाच्या मागच्या बाजूला नेलपॉलिश लावायचं, वाळलं की पापुद्रा सोलायचा आणि काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. पानाचा ठसा उमटतो. सूक्ष्मदर्शक नातवाच्या शाळेच्या सरांकडून आणला. नेलपॉलिश आणायला मात्र अण्णा स्वतः गेले, अडुसष्टाव्या वर्षी, धोतर-टोपीत. दुकानदाराने लाल दाखवली, गुलाबी दाखवली. अण्णा म्हणाले, "रंगाची नको. बिनरंगाची दे. दिसाले नही पाह्यजे." ही बातमी काकूंपर्यंत अण्णांच्या आधी पोचली. वर तिथेही गोम अशी, की जाड पानांची ही ऑर्किडं दिवसा तोंड मिटून बसतात आणि श्वास रात्रीच घेतात. म्हणजे ठसा घ्यायचा तो रात्री. अकरा वाजता परसात बॅटरी दातांत धरून, ऑर्किडला नेलपॉलिश लावणारा माणूस शेजारच्या पोराने पाहिला आणि चोर, चोर म्हणून बोंब ठोकली. निम्मी गल्ली जमली. अण्णा लोकांवर खेकसले, ते घर जागवल्याबद्दल नव्हे, तर घमेल्यात पाय न बुडवता आत आल्याबद्दल.

आता निकालाचं. मे लागला. पारा पंचेचाळीसवर. डोसवाला ट्रे माना ताठ करून उभा. बिनडोसवाला कलायला लागला. प्रयोग म्हणजे हाच क्षण. "कंट्रोल म्हंजे कंट्रोल," अण्णा आम्हाला बजावत होते. "मेलं तं मरू द्याचं. हात लावाचा नही. जीव लावला का सायन्स गेलं." दुपारी दोनला मी पाणी प्यायला उठले. आमच्या सामाईक भिंतीच्या झरोक्यातून दिसलं: अण्णा उपरण्याखाली काहीतरी झाकून चवड्यांवर चालत कूलरच्या खोलीत जात होते. बिनडोसवाला ट्रे होता. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर तो परत जागच्या जागी. असं महिनाभर चाललं. काकूंना ठाऊक होतं. सुनेला ठाऊक होतं. कूलरच्या खोलीत झोपणाऱ्या नातवाला तर ट्रेला जागा करून द्यायला रोज भिंतीकडे सरकावं लागत होतं. वहीत जूनच्या पानावर नोंद आहे: 'दोन्ही ट्रे जिवंत. निष्कर्ष पुढच्या वर्षी.'

पुढच्या वर्षीही तसंच झालं. त्याच्या पुढच्याही.

आणि हे झालं की खरा अण्णा दिसायला लागतो. एव्हाना रोपं मोठी झाली होती. कांड्या जाड, पानं चामड्यासारखी. गावातले, जळगावातले लोक मागायला यायचे. पैसे द्यायला तयार. अण्णा प्रत्येकाला आत घेत, पाय जांभळे करत, एकेक रोप दाखवत, वंशावळ सांगत आणि शेवटी म्हणत, "पन आजून हार्डनिंग व्हयाचं हाये." केळीचं हार्डनिंग तीन महिन्यांत उरकणारा हा माणूस. त्याने केळीची लाखो रोपं गाडीत चढवली आणि मागे वळून पाहिलं नाही. तिथे ट्रक दारात उभा असायचा आणि वर मालक असायचा. इथे मालक तेच. मला अशी माणसं माहीत आहेत. आमच्या एका मावशीने रुखवतातला काचेचा सेट 'पाहुणे येतील तेव्हा' म्हणून चाळीस वर्षं माळ्यावर ठेवलाय. माझ्याकडे स्वतःकडे एक कादंबरी आहे, सात वर्षांपूर्वी लिहून झालेली, शेवटचा हात फिरवायचा राहिलाय. तेव्हा अण्णांना फार हसायची माझी टाप नाही.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले तेव्हा हट्टच धरला. पुण्यात नवं घर घेतलंय, गॅलरी पूर्वेला आहे, एक कुंडी द्याच. अण्णांनी टाळाटाळ केली. काकू म्हणाल्या, "देऊन टाका वो, पोरगी मांगू राह्यली." सूनबाई म्हणाल्या. शेवटी निघायच्या सकाळी त्यांनी एक कुंडी काढली, पाहिली, परत ठेवली. दुसरी काढली. तिच्या तारेला पत्र्याची चकती होती, 'ब ७'. बिनडोसवाल्या ट्रेमधली, म्हणजे कूलरच्या खोलीत वाढलेली. "हे घे. हे कडक हाये," म्हणाले आणि माझ्या नजरेला नजर देईनात.

पुण्यात त्या रोपाचं बरं चाललं होतं. मला तरी तसं वाटत होतं. मी रोज पाणी घालत होते, पावसाळ्यात तर गॅलरीत धुकंच. नवीन तीन पानं आली, लांबच लांब, पोपटी, कोवळी. फोटो पाठवला. उत्तर आलं नाही. आठ दिवसांनी अण्णाच आले. म्हणायला एका लग्नाला आले होते. लग्नाला तास दीड तास गेले असतील. बाकी वेळ गॅलरीत. पान बोटांत धरलं, वाकवलं, उजेडाला धरलं, खिशातून भिंग काढलं.

"बह्याड व्हई गेलं," म्हणाले.

"काय झालं अण्णा? छान तर वाढलंय."

"वाढलं तं खरं. पान पाह्य, पापडासारखं. मेन कुठी हाये? रोज पानी कोनं सांगतलं? इठं ऊन नही, झय नही, धकाधकी नही. अठी हे बिघडीन पोरी. याचे लाड व्हऊ राह्यले."

मी म्हटलं, मग काय करायचं? ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी पाहिलं तर कुंडी तरटात गुंडाळून, सुतळीने बांधून, त्यांच्या पिशवीशेजारी तयार. मी त्यांचं परतीचं तिकीट एसीचं काढलं होतं. सत्तरीला आलेला माणूस, म्हटलं रात्रभर झोपून जाईल. ते त्यांनी रद्द करायला लावलं. एसीत हवा कोरडी, रोपाला एकदम कोरडी चालणार नाही. स्लीपरमध्ये खालचा बर्थ मिळाला. स्टेशनवर पोचवायला गेले तर कुंडी खिडकीशी बसलेली आणि अण्णा तिच्या बाजूला अंग चोरून.

"आता काय, पुन्हा प्रायमरीपासून?" मी विचारलं.

"मंग! दोन वर्स धर." त्यांनी मला नखशिखांत पाहिलं, पान पाहिलं होतं तसंच. "आन् तू बी येजो आखाजीले. दोन दिसाची नको येजो. महिनाभर येजो. लय नरम पडली तू."

गाडी हलली. मी हात केला, पण त्यांना दिसला नसावा. त्यांनी खिडकीची झडप खाली ओढून घेतली होती. रोपाला वारा लागेल म्हणून.